एडिसनच्या परसातील लग्नभोजन

न्यू जर्सीतील एडिसन येथे जूनअखेरीस सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. परसातील हिरवळीवर स्वागतसमारंभ योजणाऱ्या जैन कुटुंबाचा हिशेब तेथूनच उलटा मांडावा लागतो; त्यानंतर आजी-आजोबा ताटाला हात लावणार नाहीत. फूड ट्रकला खिडकी बहुधा एकच. मिनिटाला दोन ताटे निघाली, तरी दीडशे पाहुण्यांना सव्वा तास हवा. म्हणून जेवण सहालाच सुरू व्हावे. पाहुणे वेळेवर येतात, हा भाबडा समज. ट्रक हिरवळीत रुतू नये म्हणून फरसबंद वाटेवर उभा करावा. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चे केळे सहज चालते. खरा प्रश्न तव्याचा. तो ट्रकमध्येच बसवलेला असतो. काल त्यावर काय भाजले, हे आजी विचारणारच. तेव्हा भाडे अधिक पडले तरी शुद्ध शाकाहारी ट्रकलाच इसारा द्यावा.