हळू आवाजाची परीक्षा

आवाज बसलेला माणूस आपली तक्रार जोर लावून सांगतो. "मॅडम, आवाजच निघत नाही हो," हे वाक्य बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जातं. मी ऐकत असते, पण बघत असते त्याच्या मानेकडे. तटतटलेल्या शिरा, पुढे आलेली हनुवटी, वाक्य संपायच्या आत संपलेला श्वास आणि तरीही रेटून म्हटलेले शेवटचे दोन शब्द. व्हॉइस थेरपीच्या कामात एक गोष्ट मला पक्की पटली आहे. आवाज किती खराब आहे हे नंतर बघावं. तो काढायला माणसाला किती कष्ट पडताहेत, हे आधी ऐकावं.

म्हणून पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला गायला लावते. गाता येत नसलं तरी. मूल झोपलंय, जागं होऊ नये अशा बेतानं, एखादी ओळ वरच्या सुरात आणि अगदी हळू म्हणायची. अमेरिकेतले स्वरयंत्रतज्ज्ञ रॉबर्ट बास्टियन यांनी ही चाचणी रूढ केली, तिकडे त्यासाठी वाढदिवसाचं गाणं म्हणवून घेतात. आमच्याकडे अंगाई, गवळण, काहीही चालतं. मोठ्या आवाजात दोष झाकला जातो, कारण छातीतून हवेचा दाब वाढवला की गाठ आलेले स्वरतंतूसुद्धा कसेबसे थरथरू लागतात. हळू म्हणताना तो दाब नसतो, आणि वरच्या सुरात तंतू ताणलेले असतात. मग एवढीशी सूजही आडवी येते. आधी नुसती हवा येते, सूर मागून लागतो. कधी लागलेला मध्येच तुटतो.

मराठवाड्यातले एक कीर्तनकार महाराज आले होते, त्यांना ही ओळ म्हणताच येईना. खालचे सूर खरखरत का होईना, येत होते. वरच्या सुरावर गेले की ओठ हलायचे आणि वारा यायचा. हेच सूर ते भर मंडपात दणदणीत लावत होते. सप्ताहाच्या दिवसांत सर्दी झालेली असताना काल्याचं कीर्तन त्यांनी रेटून पूर्ण केलं होतं, आणि त्या दिवसापासून आवाज गेला तो परतलाच नाही. मंडपातले कर्णे सगळे श्रोत्यांकडे तोंड करून. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रान्सच्या एत्येन लोंबार्ड यांनी १९११ साली दाखवून दिलं. आपल्या शाळांच्या पत्र्याखाली पावसाळ्यात शिकवणाऱ्या बाईंना आणि टाळ-मृदंगापुढे उभ्या राहणाऱ्या महाराजांना ते रोज भोगावं लागतं.

मी माझ्या कागदावर आकडे लिहिले. मिनोरू हिरानो या जपानी डॉक्टरांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनं आवाजाचे पाच गुण शून्य ते तीनमध्ये मोजतात: एकूण बिघाड, खरखर, हवा गळणं, दुबळेपणा आणि ताण. महाराजांच्या ताणापुढे मी तीन लिहिले, खरखरीपुढे दोन. एका श्वासात 'आ' किती वेळ धरता येतो हेही पाहिलं. निरोगी प्रौढ माणूस साधारण पंधरा ते पंचवीस सेकंद धरतो; त्यांचा 'आ' आठ सेकंदांत संपला. तासन् तास अभंग गाणारा हा माणूस. छातीत हवा भरपूर होती, पण स्वरतंतू नीट मिटतच नव्हते.

कान जिथे थांबतो तिथून पुढे स्ट्रोबोस्कोप. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा मिटतात-उघडतात, बाईचे दोनशेच्या आसपास. डोळ्यांना ते दिसणं अशक्य. म्हणून त्यांच्या वेगाशी किंचित चुकवून प्रकाशाची उघडझाप करतात, की पडद्यावर तीच हालचाल संथ झाल्यासारखी दिसते. (बोलत्या माणसाचं स्वरयंत्र पहिल्यांदा नीट पाहिलं ते डॉक्टरानं नव्हे, मानुएल गार्सिया या गायनगुरूनं, १८५४ साली पॅरिसमध्ये, दंतवैद्याचा आरसा आणि उन्हाचा कवडसा वापरून, स्वतःच्याच घशात. आवाजाचं कुतूहल आधी गाणाऱ्याला होतं याचं मला फार अप्रूप वाटतं.) स्वरतंतूचं वरचं आवरण आतल्या स्नायूवर दुधावरच्या सायीसारखं सैल सरकतं, आणि आवाज निघताना त्यावरून एक लाट जाते. महाराजांच्या उजव्या तंतूवर ही लाट स्वच्छ होती. डाव्यावर लालसर पॉलिप होता आणि लाट तिथे येऊन अडत होती.

बाईंच्या आवाजात नेहमी सापडणारे, दोन्ही तंतूंवरचे छोटे घट्टे बहुतेकदा थेरपीनंच विरतात; त्यांना सुरी लावायची घाई करू नये. पॉलिपचं तसं नसतं. सर्जननी तोंडावाटे नळी घालून, मायक्रोस्कोपखाली तो काढला. हे काम मिलिमीटरच्या अंशात चालतं, कारण आवरणाखालच्या त्या सैल थराच्या पलीकडे सुरी गेली तर व्रण धरतो, व्रण ताठ असतो, आणि ताठ तंतूवरून लाट जात नाही.

मग मौन. पूर्वी दोन-दोन आठवडे मौन सांगत, आजही प्रत्येक सर्जनचा हिशेब वेगळा असतो. जपानमधल्या संशोधकांनी २०१७ साली रुग्णांचे दोन गट करून तीन दिवसांचं आणि सात दिवसांचं मौन ताडून पाहिलं. दोन्ही गटांना नंतर थेरपी दिली. तीन दिवसवाले पुढच्या तपासण्यांत सरस ठरले. मला हे पटतं. भरत्या जखमेला थोडी, बेतशीर हालचाल मानवते. पण ती बेतशीर असायला हवी. इथे घरचे लोक हमखास विचारतात, "बोलू नको म्हणता, पण कुजबुजलं तर चालेल ना?" पुष्कळांची कुजबुज म्हणजे घसा आवळून काढलेली हवा असते. २००६ साली अमेरिकेत शंभर रुग्णांना कुजबुजायला लावून आत पाहिलं, तर बहुतेकांचा ताण वाढलेला दिसला, काहींचा मात्र उलट कमी झालेला. समोरचा कुठल्या गटातला हे मला बाहेरून कळत नाही, म्हणून मी पाटी-पेन्सिल देते. ज्येष्ठमध आणि खडीसाखरेलाही मी हरकत घेत नाही. घशाला बरं वाटतं, मग खावं. पण गिळलेली कुठलीही गोष्ट स्वरतंतूंना लागत नाही. लागली तर ठसका लागेल. त्यांच्यापर्यंत पोचते ती फक्त श्वासातून जाणारी वाफ.

महाराज मौनात असताना पाटीवर कुमार गंधर्वांचं नाव लिहून माझ्याकडे बघत राहिले. कुमारांना १९४७च्या सुमारास क्षय झाला, देवासला जवळजवळ सहा वर्षं त्यांना गाणं बंद होतं, आणि एक फुप्फुस कायमचं निकामी झालं. मी महाराजांना सांगितलं की त्यांचं दुखणं छातीचं होतं, तुमचं स्वरयंत्राचं. दोन्हींची तुलना होत नाही. मात्र एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कुमार परत आले तेव्हा त्यांनी जुन्या दमसासाचा हट्ट धरला नाही. जेवढा श्वास होता त्यात बसतील अशा छोट्या, लखलखीत जागांचं गाणं त्यांनी उभं केलं.

चौथ्या दिवशी पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून 'ऊ' सुरू केला. बुडबुडे यावेत आणि त्यांच्यामागून बारीकसा सूर. तोंडातला दाब वरून टेकू देतो, त्यामुळे तंतू एकमेकांवर आदळत नाहीत, नुसते हलतात. पहिल्याच खेपेला सूर आला. स्वच्छ, खरखर नाही. मी खूश झाले. महाराज झाले नाहीत.

दोन आठवड्यांनी बोलायला लागल्यावर ते म्हणाले, "ताई, हा आवाज माझा वाटत नाही. यात दम नाही." घरीही सगळे म्हणत होते, महाराजांचा आवाज बारीक झाला. पडद्यावर लाट दोन्हीकडून जात होती, 'आ' एकोणीस सेकंद टिकत होता, आणि तरी त्यांना आपण काहीतरी गमावलंय असं वाटत होतं. या टप्प्यावर मला सगळ्यात जास्त जपावं लागतं. इतकी वर्षं गाताना गळ्यात, छातीत जी ओढाताण जाणवायची, तिलाच ते आवाजाची ताकद समजत होते. त्याहून खोल गोष्ट म्हणजे, तिलाच ते भाव समजत होते. घसा फाटेस्तोवर गायलं तर देवाला पोचतं, अशी ही श्रद्धा. ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, मला तो अधिकार नाही. पण ती ओढाताण गेली, म्हणून भाव गेला असं होत नाही. मी त्यांचं त्यांनाच ऐकवलं. फोनवर टिपलेलं ऑपरेशनआधीचं आणि आत्ताचं तेच वाक्य, डोळे मिटून. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "आधीचा माणूस दमलेला वाटतोय."

पुढचा तिढा पट्टीचा. टाळकरी काळी चारमध्ये धरायचे. त्या पट्टीत तार षड्ज म्हणजे सेकंदाला सव्वाचारशेच्या जवळपास कंपनं. काळी दोनमध्ये तोच षड्ज सव्वातीनशेच्या आत येतो. दर सेकंदाला तंतू शंभर वेळा कमी आदळतात. दीड-दोन तासांच्या कीर्तनात हा हिशेब कुठल्या कुठे जातो. "पण खाली उतरलं की रंग भरत नाही असं पोरं म्हणतात," महाराज म्हणाले. मी म्हटलं, त्यांना घेऊन या.

टाळकरी आले नाहीत, त्यांचे मृदंगवादक आले. महाराजांहून वयानं मोठे. मी महाराजांना काळी दोनमध्ये नामघोष म्हणायला सांगितलं, आधी पूर्ण आवाजात आणि मग तीच ओळ हळू, वर जात. हळू म्हणतानाही सूर उशिरा लागला नाही. फक्त तार षड्जाच्या पुढे किंचित वारा आला. मृदंगवादक मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "वरचा हा वारा जायचा का राहायचा?" आणखी सहा आठवड्यांनी बघू, असं मी सांगितलं. तोवर वरच्या जागा टाळकऱ्यांनी घ्यायच्या आणि महाराजांनी मध्य सप्तकात राहायचं. त्यांनी ते मान्य केलं. मग म्हणाले, हा पखवाज काळी चारचा आहे, ठोकून एवढा खाली उतरणार नाही, दुसरा घ्यावा लागेल. पैठणच्या बाजूला एका ओळखीच्याकडे मोठ्या तोंडाचा आहे, तो आणतो. महाराज हळूच म्हणाले, "लगेच आणा."