खिसा आणि सॅक

गेल्या महिन्यात गोव्याहून पुण्याला येताना रात्री एकच्या सुमारास आमची स्लीपर एका नाक्यावर थांबवली. दोन पोलीस वर चढले आणि सगळी बस सोडून थेट आम्हा बर्मुडावाल्यांकडे मोर्चा! "टीप आहे. गांजाबिंजा असंल तर आत्ताच काढ." मी आयुष्यात सिगरेटही धड ओढलेली नाही, तरी दरदरून घाम. सॅक उलटी केली. लॅपटॉप, चार्जर, ओला टॉवेल, आईसाठी घेतलेले काजू. मग खिसे चाचपले. मी आपणहून म्हटलं, "बघा ना साहेब, बघा."

काही निघालं नाही. बस सुटली. शेजारचा मित्र पाच मिनिटांत घोरायला लागला. मला मात्र सकाळपर्यंत झोप नाही. सॅक संध्याकाळपासून सीटखाली पडलेली. कुणी त्यात एखादी पुडी सरकवली असती तर?

शनिवारी एनडीपीएस कायदा, 1985 उघडून बसलो. (वीकेंडला कोड बघायचा नाही, बाकी काहीही चालेल.) त्यात कलम 50 आहे. या कायद्याखाली तुमची अंगझडती घ्यायची असेल तर "मला जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर न्या" असं तुम्ही म्हणू शकता. आणि हा हक्क आहे हे तुम्हाला सांगायचं काम झडती घेणाऱ्याचं! सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी 1999 साली बलदेव सिंग खटल्यात हे ठरवलं. 2010 मध्ये विजयसिंह जाडेजा प्रकरणात परत पाच जण बसले आणि म्हणाले, साधारण पाळलं वगैरे चालणार नाही, काटेकोर पाळा. नाही पाळलं तर निव्वळ अंगावर सापडलेल्या मालावर दिलेली शिक्षा टिकत नाही. वाट आहे एक: नेईपर्यंत माल गायब होईल असं वाटलं तर अधिकारी तिथेच झडती घेऊ शकतो, पण कारण लिहून 72 तासांत वरिष्ठांना पाठवायचं.

एवढी कडक अट का, तर कायदाही तसाच आहे. माल तुमच्या ताब्यात सापडला की तो कसा आला याचा खुलासा तुम्ही करायचा. गांजा 20 किलोच्या वर गेला तर जामीन महाकठीण.

वाचून जरा बरं वाटलं. मग 2005 चा पवन कुमार निकाल सापडला. त्यात म्हटलंय, बॅग म्हणजे माणसाचं अंग नव्हे. सबब बॅगेच्या झडतीला कलम 50 लागूच नाही. बरं, खिसे आणि बॅग दोन्ही तपासलं आणि माल बॅगेत निघाला तर? 2023 मध्ये त्याचंही उत्तर आलं. तरीही नाही.

च्यायला! म्हणजे सगळं संरक्षण माझ्या बर्मुडाच्या खिशाला, ज्यात माझा हात होता. आणि सीटखालच्या सॅकला शून्य. कोर्टाचा तर्क कळतो, बॅग अंगापासून वेगळी करता येते. पण दुसऱ्याला हात घालता येतो तो तिच्यातच ना?

मित्राला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "रात्री एक वाजता नाक्यावर 'मॅजिस्ट्रेटकडे चला' म्हणाला असतास?"

नसतो म्हणालो. आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

दिवाळीत परत गोव्याला जायचंय. सॅकसाठी छोटं कुलूप आणलंय, आणि झोपताना ती उशाला घेणार.