विशेष काही नाही

नवी वही विकत आणण्याइतका स्वस्त आनंद जगात दुसरा नसेल. कोऱ्या कागदाचा तो वास, पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात घातलेले आपले नाव, त्याखाली तारीख आणि मग चार दिवस पानपानभर मजकूर! संक्रांतीपर्यंत हा मजकूर अर्ध्या पानावर येतो, महाशिवरात्रीच्या सुमारास चार ओळींवर, आणि होळीनंतर त्याच वहीत दुधाचा हिशेब सापडतो. ज्या घरातला दुधाचा हिशेब अशा एखाद्या वाङ्मयीन वहीत मांडलेला नाही, असे घर मला अजून पाहायचे आहे.

रोजनिशी का सोडली, असे कुणालाही विचारा. वेळ मिळत नाही, हे उत्तर पहिले येते. पण ते काही खरे नव्हे. खरे उत्तर जरा थांबून येते. ‘लिहिण्यासारखे काही घडतच नाही हो!’ म्हणजे माणूस वहीपाशी बसतो, पण स्फूर्ती येत नाही. ही स्फूर्ती आपण मोठी मानाची पाहुणी करून ठेवली आहे. ती येणार म्हणून सडा घालायचा, पाट मांडायचा आणि ती आली नाही की आपणही जेवायचे नाही. दोनचार वेळा उपास घडला, की माणूस पाट उचलून ठेवतो.

माझे पुण्याकडचे स्नेही मला म्हणतात, ‘तुम्हाला काय, तुम्ही गडचिरोलीला राहता. सकाळी दार उघडले की विषय अंगणात!’ त्यांच्या कल्पनेत माझ्या दारावरून रोज एक वाघ आणि दोन अस्वले जात असावीत. वाघ आहेत, आणि ज्याला तो भेटतो त्याला घरी येऊन वर्णन लिहावेसे वाटत नाही, एवढे मी त्यांना सांगतो. बाकी आमचे दिवसही त्यांच्या दिवसांसारखेच एकमेकांना धरून चालणारे असतात. वीज गेली, वीज आली. एसटी उशिरा आली. पावसाळ्यात कठाणीला पूर आला आणि रस्ता बंद झाला. तिकडे भामरागडला पर्लकोटा चढली, गाव तुटले. दरवर्षी तीच नदी, तेच पाणी. आठवड्यामागून आठवडे मनात एक वाक्य उमटत नाही. जंगलात राहून माणूस कोरडा पडू शकतो, यावर शहरातल्यांचा विश्वास बसत नाही.

तरीही माझी वही तीसएक वर्षे चालू आहे. याचे श्रेय माझ्याकडे नाही. ते बाबांच्या वह्यांकडे जाते.

बाबा वनरक्षक होते. गावकरी त्यांना नाकेदार म्हणत. खात्याची डायरी त्यांना रोज लिहावी लागे: कोणत्या कक्षात गस्त घातली, किती चाल झाली, कुठे तोड दिसली, कुठे वणवा. ती डायरी वर साहेबांकडे जाई. पण त्याखेरीज त्यांची स्वतःची एक वही असे. दुकानदाराच्या खतावणीसारखी लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. शिक्षण सातवीपर्यंतचे, पुस्तके घरात दोन आणि तीही पोथ्या. ते गेल्यावर पत्र्याच्या पेटीत अशा अकरा वह्या निघाल्या. रानात सारे आयुष्य काढलेल्या माणसाने काय काय लिहून ठेवले असेल, म्हणून मी त्या उघडल्या. निम्म्याहून अधिक पानांवर एकच मजकूर होता: ‘गस्त. विशेष काही नाही.’

अकरा वह्या भरून विशेष काही नाही! पण ती पाने सलग वाचत गेलो तेव्हा त्या वाक्याला इथेतिथे शेपूट फुटलेले दिसू लागले. ‘विशेष काही नाही. मोह वेचणे सुरू.’ ‘विशेष काही नाही. नाल्याला पाणी आले.’ 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला. भाषणे झाली असतील, हारतुरे झाले असतील. बाबांची त्या दिवसाची नोंद आहे: ‘जिल्हा वेगळा झाला म्हणतात. पाऊस. गस्त.’ एका वर्षी लिहिले आहे, ‘सगळा बांबू फुलला.’ पुढे काही महिन्यांनी, ‘उंदीर फार.’ या दोन नोंदींच्या मध्ये दुवा जोडणारे अक्षर नाही. पण रानातल्या माणसाला तो लागत नाही. बांबू तीसचाळीस वर्षांतून एकदा फुलतो, बी धरतो आणि सगळे बेटच्या बेट वाळून जाते. ते बी माणसे भातासारखे शिजवून खातात आणि उंदीर न शिजवता. मग उंदीर माजतात.

आणि एक पान असे: ‘पहाटे बेबी गेली. ताप होता. रजेचा अर्ज दिला.’ दुसऱ्या दिवसाची फक्त तारीख. तिसऱ्या दिवशी, ‘गस्त. विशेष काही नाही.’

बेबी माझी धाकटी बहीण. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. तिचा चेहरा मला आठवत नाही. फोटो काढलेला नव्हता. नाव ठेवायचे राहिले होते. आईला तिथी पाठ होती, पण वर्ष कोणते ते तिला कधी सांगता आले नाही. ‘तू लहान होतास’ एवढेच ती म्हणे. बेबी या जगात येऊन गेली याचा घरात असलेला लेखी पुरावा म्हणजे ती एक ओळ. बाबांनी स्फूर्तीची वाट पाहिली असती, किंवा त्या दिवशी त्यांना शब्द सुचले नाहीत म्हणून त्यांनी वही मिटून ठेवली असती, तर तेवढेही उरले नसते. आणि तिसऱ्या दिवशीचे ते ‘विशेष काही नाही’ मी आजही पुन्हा वाचू शकत नाही.

अशा बेबी त्या काळी या जिल्ह्यात घरोघरी जात. किती जात, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हते. 1986 मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीला आले आणि पुढे त्यांनी गावागावातले जन्म आणि मृत्यू मोजायला घेतले. 1988 च्या सुमारास त्यांच्या कामाच्या गावांत हजार जन्मांमागे 121 मुले वर्षाची होण्याआधी दगावत होती. त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची निगा शिकवली. बाळाचे वजन घ्यायचे, श्वास मोजायचा आणि ते लिहून ठेवायचे. 1999 साली त्या कामाचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’ या वैद्यकातल्या जगन्मान्य नियतकालिकात आला आणि पुढे ती रीत देशभर गेली. गोष्ट मोठी आहे आणि ती अनेकांनी सांगितली आहे. मला त्यातल्या वह्यांचे कौतुक. पावसात भिजत जाऊन आज याचे वजन इतके, उद्या इतके, असे लिहिणाऱ्या त्या बायकांपैकी एकीलाही लिहिताना स्फूर्ती आली नसेल.

तुम्ही म्हणाल, हे हिशेबाचे झाले, साहित्याचे काय? मारुती चितमपल्लींचे पाहा. तेही वनखात्यातलेच. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या रानांत त्यांची नोकरी झाली. 1990 मध्ये ते निवृत्त झाले आणि जून 2025 मध्ये, पद्मश्री मिळाल्यावर थोड्याच दिवसांनी, सोलापूरला वारले. नुसते रानाचे वर्णन करणारे लेखक मराठीत पुष्कळ झाले. चितमपल्लींनी रानातली नावे गोळा केली. कोळी, पारधी, गोंड, माडिया, ज्याला जे ठाऊक त्याच्याकडून ते मागून घेतले. शब्द नव्हता तिथे घडवला. बगळ्या-करकोच्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ हे त्यांनी मराठीला दिलेले शब्द. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘शब्दांचं धन’ आहे. हे धन एका बैठकीत जमत नाही. रोज थोडे, तेही दुसऱ्याच्या तोंडून. मला यात एक मोठी सोय दिसते. स्वतःच्या मनात काही नसेल, त्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडचे लिहावे!

इंग्लंडातल्या सेलबर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याने 1768 पासून 1793 पर्यंत अशीच निसर्गाची रोजनिशी ठेवली. त्यात पानोपानी पाऊस, वारा, काकडीचे वाफे आणि घरातले एक कासव. त्याच्या निरीक्षणांचे पुस्तक 1789 मध्ये आले, ते आजतागायत छापले जाते. अमेरिकेतल्या थोरोने कॉन्कर्डच्या आसपास कोणते फूल कोणत्या दिवशी उमलले ते टिपून ठेवले होते. दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच फुलांच्या तारखा पुन्हा पाहिल्या, तेव्हा वसंत किती अलीकडे सरकला आहे ते त्या यादीवरून कळले. थोरोचे तत्त्वज्ञान पटो न पटो. यादी उपयोगी पडली. उलट लंडनच्या सॅम्युअल पीप्सचे उदाहरण. डोळे जातील या भीतीने त्याने 31 मे 1669 रोजी आपली प्रसिद्ध रोजनिशी थांबवली. डोळे काही गेले नाहीत. तो आणखी 34 वर्षे जगला, आणि तशी रोजनिशी त्याच्या हातून पुन्हा झाली नाही.

‘रोज काहीतरी लिहाच, म्हणजे हात चालू राहतो’ असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. मला तो अर्धाच मान्य आहे. काहीतरी लिहायचे म्हटले की कोरड्या दिवशी विशेषणे फार सुचतात. संध्याकाळ रम्य होते, मन हुरहुरते, क्षितिजावर रंगांची उधळण होते. ही नोंद कोणत्याही गावच्या कोणत्याही संध्याकाळची असू शकते, म्हणजे ती कुठलीच नव्हे. त्यापेक्षा बाबांची ‘गस्त’ बरी. निदान माणूस चालून आला होता.

मला अगदीच सुचत नाही तेव्हा मी पिशवी घेऊन गुजरीत जातो. श्रावणात बांबूचे कोवळे वास्ते आलेले असतात, वारुळाशेजारच्या सात्या पळसाच्या पानावर मांडलेल्या असतात, तरोटा असतो. भाव विचारतो. विकणाऱ्या बाईंना विचारतो, ‘बाई, ही भाजी कुठली?’ त्या भाजीचे नाव सांगतात, रानाचे नाव सांगतात, आणि मी घेणार नाही असे दिसले की माझ्याविषयीही दोन शब्द सांगतात. तेही मी लिहून ठेवतो. चारपाच शब्द घरी येतात. त्यांचे काही होईल न होईल.

स्फूर्तीची वाट पाहायला ज्यांना फुरसतच नाही, अशी माणसे आमच्या झाडीपट्टीत आहेत. दिवाळी झाली, भाऊबीज उलटली की गावोगाव मंडई भरते, पुढे शंकरपट होतात, आणि जिथे मंडई तिथे नाटक. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालये ओळीने आहेत. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राने या रंगभूमीकडे जरा मान वळवून पाहिले. या कंपन्यांना दरवर्षी नवी नाटके लागतात. पडदा उघडायची रात्र ठरलेली, गाव ठरलेले, आणि नाटककार पावसाळाभर लिहीत असतो. सगळीच नाटके चांगली असतात असे मी म्हणणार नाही. काही तर पहाटे थंडीमुळेच सहन होतात. पण हरिभाऊ आपट्यांनी 1890 पासून ‘करमणूक’ चालवले, दर आठवड्याला मजकूर पुरवला, त्यात काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. म्हणून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिणारा माणूस लहान होत नाही. आणि काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक काढला नसता, तर मराठी लेखकांना दरवर्षी श्रावणात घाम फुटण्याची जी सवय लागली आहे, ती लागलीच नसती.

माझ्या वहीतही गाळलेली पाने आहेत. आई गेली त्यानंतरचे दोन महिने. तारखा घातल्या आहेत, खाली काही नाही. पुढे आठवून ती पाने भरता आली असती; मी भरली नाहीत. बाबांची ती एक रिकामी तारीख मी पाहिली आहे, तेवढे मला पुरते.

2021 साली छत्तीसगडकडून हत्तींचा कळप आमच्या जिल्ह्यात उतरला, तेव्हा मात्र महिनाभर वही ओसंडून वाहत होती. धानाच्या बांध्या तुडवल्या गेल्या, मोहाची फुले साठवलेली घरे फुटली, माणसे रात्र रात्र जागली. मग हळूहळू ‘हत्ती इकडे’, ‘हत्ती तिकडे’ इतकेच होऊ लागले. आता कधी कधी हत्तीही ‘विशेष काही नाही’ मध्ये जमा होतात.

काल रात्रीची नोंद इतकीच आहे: ‘धान निसवले. वीज दोन तास नव्हती. गुजरीत सात्या संपल्या. वडशाच्या कंपनीची जाहिरात भिंतीवर लागली. नाटकाचे नाव अजून छापलेले नाही.’