विशीने टेलरला परत बोलावलं तेव्हा

वानखेडेवरची १९८० सालची सुवर्णमहोत्सवी कसोटी आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली ती कानांनी, रेडिओवर. इंग्लंडचे ५८ धावांत पाच गडी गेलेले. कपिलच्या चेंडूवर यष्टीमागे झेलाचं अपील होतं, पंचांचं बोट वर जातं आणि बॉब टेलर घुटमळतो. आपला कर्णधार विश्वनाथ ऊर्फ विशी पंचांशी बोलतो, अपील मागे घेतो. मग टेलर-बोथम जोडीने १७१ धावा कुटल्या, इंग्लंड १० गडी राखून जिंकलं आणि विशी देवमाणूस की भोळसट, यावर आमच्या जिन्यात आठवडाभर खडाजंगी झाली.

त्या काळाचे फार गोडवे गाऊ नयेत. यजमानांचेच पंच, त्यामुळे पाहुण्यांच्या मनात कायम पाल चुकचुकायची. म्हणून तर १९८६ मध्ये पाकिस्तानी कर्णधार इम्रान खानच्या आग्रहाखातर लाहोर कसोटीत तटस्थ म्हणून दोन भारतीय पंच उभे राहिले: रामस्वामी आणि आपले पिलू रिपोर्टर. (पिलूंची चौकाराची खूण बघायला मिळावी म्हणून तरी चौकार जावा असं वाटायचं!)

१९९२ मध्ये डर्बनला कॅमेरा आला आणि तिसऱ्या पंचांचा पहिला धावबाद ठरला नेमका सचिन. पूर्वी अशा वेळी संशयाचा फायदा फलंदाजाच्या पदरात पडे. वाईट वाटलं, पण तो बाद होताच. खरी चीड आली २००८ च्या सिडनीत. ३० वर असताना सायमंड्सची कड लागली, पंचांना ऐकू आली नाही, तो नाबाद १६२ पर्यंत गेला, आणि स्वतःच म्हणाला, लागली होती. तरीही पंचांचा निर्णय पडद्यावर तपासून घेण्याच्या डीआरएस पद्धतीला आपल्या मंडळाने २०१६ पर्यंत नाकं मुरडलीच.

आता अल्ट्राएज कड पकडतं, पायचीतचा चेंडू पुढे कुठे गेला असता तेही पडद्यावर दिसतं. निर्णय कितीतरी अचूक झालेत, यात वाद नाही. पण अपील मागे घ्यायचं सहसा कुणाच्या मनात येत नाही. चूक सुधारणं आता यंत्राचं काम. विकेट पडली तरी जल्लोष अर्धाच, उरलेला पडदा लाल झाल्यावर.

आजचा टेलर हातांनी ‘टी’ची खूण करून स्वतःच वाचला असता. पण ५ बाद ५८ म्हणजे वरच्या फलंदाजांनी तिन्ही रिव्ह्यू आधीच उडवलेले असण्याचीच शक्यता जास्त. मग स्लिपमधल्या कर्णधाराने काय केलं असतं?