उबेचा हिशेब

लेकीला निरोप देऊन देवनहळ्ळीच्या विमानतळावरून पहाटे परतत होते. धुके दाट, पारा 15 अंशांवर. पण माझी विजेची गाडी निर्धास्त होती. मला मात्र ऑस्लोजवळची ती संध्याकाळ आठवली.

बाहेर उणे 18 अंश, मागे झोपलेली नात आणि घर 40 किलोमीटर दूर. समोरचा शिल्लक अंतराचा आकडा रस्त्यापेक्षा भराभर उतरत होता. पेट्रोलच्या इंजिनाची वाया जाणारी उष्णता गाडीला आपसूक ऊब देते. विजेच्या गाडीत ती ऊबही बॅटरीतूनच काढावी लागते, आणि गारठलेली बॅटरी आधीच हात आखडता घेते. (महिनाअखेरीचा घरखर्चच म्हणा ना!) लेकीने हीटर बंद केला, वेग उतरवला. मी माझी शाल नातीवर पांघरली. बेंगळूरहून 2001 साली निघालेली चिमुकली रेवा पुढे याच नॉर्वेत गेली होती; तिने तिथले हिवाळे कसे काढले असतील, असे उगाच मनात आले. घर गाठले तेव्हा आकडा 6 वर होता.

त्यानंतर जावई निघण्यापूर्वीच, गाडी चार्जरला जोडलेली असताना, ती तापवून घेऊ लागले. आजही त्यांचा निरोप आला आहे : आणायला निघण्याआधी गाडी तापवून ठेवतो, काळजी नसावी.