रस्त्याचा हक्क

आठवीचा निकाल लागला की दरवर्षी दोन-चार पालक आमच्या शाळेत मुलीचा दाखला मागायला येतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, "मुलगी हुशार आहे मॅडम, पण रस्ता चांगला नाही." मुलींना शिकवू नये, असे आता कामतघरात कोणी म्हणत नाही. लूमवर बारा-बारा तास उभा राहणारा बापही मुलीचे गुणपत्रक खिशात जपून ठेवतो, हे आम्ही पाहिले आहे. पण पुढची शाळा लांब असते आणि ते अंतर मुलीने कोणाच्या भरवशावर कापायचे, तिथे गाडी अडते. मग तालीम थांबते. रस्ता आहे तसाच राहतो.

हा रस्ता म्हणजे नेमके काय, ते मुलींकडूनच समजून घ्यावे असे आम्ही ठरवले. आमची शाळा उर्दू माध्यमाची. आम्ही उर्दूबरोबर मराठीही शिकवतो. मराठीच्या तासाला 'माझा शाळेचा रस्ता' हा निबंध दिला. वह्या तपासायला घेतल्या तर प्रत्येकीच्या रस्त्यावर दुतर्फा हिरवीगार झाडे आणि किलबिलणारे पक्षी! कामतघरात एवढी झाडे असती तर आणखी काय हवे होते? निबंधमालेतला रस्ता सगळ्यांनी इमानदारीने उतरवला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी कोरे कागद वाटले. घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढा, जिथे भीती वाटते तिथे लाल पेन्सिल, जिथे जिवात जीव येतो तिथे हिरवी. नाव लिहायचे नाही.

आमची समजूत होती की लाल रंग वऱ्हाळा तलावाच्या बाजूला, निर्जन जागी दिसेल. तिथे तो होताच. पण त्याहून जास्त लाल भर वस्तीत होता. पानाच्या टपरीसमोर, रिक्षा उभ्या राहतात त्या कोपऱ्यावर, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाबाहेर, जिथे तीच ती मुले संध्याकाळभर बसलेली असतात. लूमच्या दोन शेडमधल्या अरुंद बोळात, जिथे यंत्रांच्या खडखडाटात कोणी ओरडले तरी ऐकू जात नाही. (लूम एकदम बंद पडले की आपल्या गावाला चुकल्यासारखे होते. त्या आवाजात काय काय बुडून जाते, हे आमच्या ध्यानात मुलींमुळे आले.) मेट्रोच्या कामासाठी लावलेल्या पत्र्यांच्या बाजूला, जिथे पायी चालणाऱ्याला एका हाताची जागा उरते आणि समोरून येणारा माणूस मुद्दाम अंग घासून जातो. एका मुलीने रस्ता पांढराच ठेवला होता आणि स्वतःच्या इमारतीचा जिना लाल केला होता. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये दिवा नाही, एवढेच तिने खाली लिहिले होते. तो कागद आम्ही बराच वेळ हातात धरून बसलो.

हिरवा रंगही होता आणि तो आम्हाला जास्त शिकवून गेला. बऱ्याच मुलींनी तेलुगू बायकांच्या ओट्यांजवळ हिरवी पेन्सिल फिरवली होती. मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसणाऱ्या या बाया दुपारभर दारात असतात. हात विड्यांवर, डोळे गल्लीवर. कोण मुलगी कधी गेली, कोण मुलगा तिसऱ्यांदा फेरी मारतो आहे, त्यांना सगळे ठाऊक. आपल्या मुलींची आणि त्यांची भाषा वेगळी, मजहब वेगळा, पण त्या गल्लीत शिरले की मुलीची पावले हळू होतात. दुसरी हिरवी जागा वडापाव तळणाऱ्या एका बाईची गाडी. म्हणजे जिथे बाई बसली आहे, तिथे बाईला चालता येते. कॅमेरे लावा, असे प्रत्येक सभेत सांगितले जाते. लावावेत, आमची हरकत नाही. पण कॅमेरा झाल्या गोष्टीचा पुरावा देतो, होणारी गोष्ट ओट्यावरच्या बाया थांबवतात. मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक 2011 मध्ये लिहिले. स्त्रिया काही काम नसतानाही सार्वजनिक जागी निवांत दिसू लागतील, तेव्हा शहर सुरक्षित होईल, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. आपल्या घरांत हे ऐकून भुवया उंचावतील. पण कामतघरच्या मुलींनी पेन्सिलीने काढलेले उत्तर यापासून फार लांब नव्हते.

वेळेचाही मामला आहे. दुपारची पाळी सुटायला साडेपाच-पावणेसहा होतात. जूनमध्ये तेव्हा चांगले ऊन असते. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. लूमची पाळी बदलण्याची वेळही त्याच्या आसपासची, म्हणजे मुलींची घरी जाण्याची गर्दी आणि कामगारांची गर्दी एकाच काळोखात मिसळते. हिवाळ्यापुरती पाळी अर्धा तास आधी सोडावी, यासाठी आम्ही शाळेत अर्ज दिला आहे. याला ना निधी लागतो, ना निविदा.

आता घरातली गोष्ट. मुलगी घरी येऊन सांगत का नाही? कारण सांगितले की शिक्षा तिलाच होते. भावाला सांगावे तर मारामारी होते, अम्मीला सांगावे तर "उद्यापासून घरी बस." एका मुलीने आम्हाला सरळ विचारले, "टीचर, त्याने छेडले आणि शाळा माझी का सुटायची?" आमच्याकडे उत्तर नव्हते आणि तिच्या वडिलांकडेही नसावे.

बदनामीची भीती खोटी नाही, पण कायदा काय म्हणतो ते माहीत असावे. अठरा वर्षांखालील मुलीचा वारंवार पाठलाग करणे, तिला उद्देशून अश्लील बोलणे किंवा हावभाव करणे, हा 2012 च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. तिचे नाव, छायाचित्र, शाळा, मोहल्ला, काहीही प्रसारमाध्यमांतून उघड करता येत नाही. जबाब तिच्या घरी घेता येतो आणि जबाब घेणाऱ्याने गणवेशात असू नये, असेही त्यात लिहिले आहे. मोठ्या मुलींसाठी आणि स्त्रियांसाठी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळाचे कलम 75 आणि पाठलागाचे कलम 78 आहे. मोबाइलवरून मागे लागणेही त्या पाठलागात येते. हद्द आमची नाही, म्हणून कोणतेही ठाणे गुन्हा नोंदवायला नकार देऊ शकत नाही. 112 आणि मुलांसाठीचा 1098 हे दोन क्रमांक आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले. बापांनीही लिहून घ्यावेत.

पोलिसांकडे जायचे म्हटले की आपल्या मोहल्ल्यात माणसे गप्प होतात, त्याला इतिहास आहे. 1970 आणि 1984 च्या दंगली भिवंडी विसरलेली नाही. पण याच गावाने दुसरे काही करूनही दाखवले. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान एकाच सतरंजीवर बसवले, नळाच्या भांडणापासून पार्किंगपर्यंतचे तंटे तिथेच मिटवायला घेतले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. शेजारी शेजाऱ्याला ओळखत होता आणि पोलिसाला नावाने हाक मारत होता, हे त्याचे मोठे कारण. त्या कमिट्या दंगल टाळण्यासाठी होत्या. तीच सतरंजी मुलींच्या रस्त्यासाठी का अंथरता येऊ नये? मात्र या वेळी तिच्यावर विड्या वळणारी बाईही बसलेली हवी. नकाशा तिला माहीत आहे.

आणि मुलांचे काय? जुम्याच्या बयानात मुलींच्या पडद्यावर आपण पुष्कळ ऐकतो. सूरह नूरमध्ये स्त्रियांना उद्देशून असलेली आयत 31 वी आहे. तिच्या आधीची, 30 वी, पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगते. हा क्रम मुलांना कोणी समजावून सांगतो का? रस्त्यावर बसू नका, असे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितले, तेव्हा सहाबांनी अर्ज केला की, आम्हाला बसण्याला दुसरी जागा नाही. मग आपण फरमावले की, बसायचेच असेल तर रस्त्याचा हक्क अदा करा. नजर खाली ठेवणे आणि कोणालाही त्रास न देणे हे त्या हक्कात आले. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींमध्ये ही हदीस आहे. कोपऱ्यावरच्या मुलांनाही घरी जागा नाही, हे आम्ही जाणतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे राहतात. त्यांना हाकलून प्रश्न सुटणार नाही. बसण्याची अट मात्र त्यांना ठाऊक असली पाहिजे आणि ती त्यांना बापाने सांगितली पाहिजे.

अदी बिन हातिम (रजि.) यांची हदीस आम्ही पालकांच्या सभेत सांगितली. एक स्त्री हीराहून एकटी निघेल, काबागृहाचा तवाफ करील आणि तिला अल्लाहखेरीज कोणाची भीती नसेल, असे पैगंबरांनी त्यांना सांगितले होते. आणि ते आपण डोळ्यांनी पाहिले, असे अदी पुढे सांगत. राज्य कसे चालले आहे याचे माप म्हणून आपण एकट्या स्त्रीचा प्रवास निवडला, यावर सभेत बराच वेळ शांतता होती. मग मागून एक आजोबा म्हणाले, "हीरा राहू द्या, अंजूरफाट्याचं बोला."

त्यावर सगळे हसले आणि मग खरोखरच अंजूरफाट्याचे बोलणे झाले. कोणत्या खांबावर दिवा नाही याची यादी दोन वडिलांनी रात्री चालत जाऊन केली. जिन्यातल्या दिव्याचे काम इमारतीतल्या लोकांनीच वर्गणी काढून केले. ती वर्गणी प्रत्येक घरामागे एका दिवसाच्या चहाएवढीही नव्हती. एका गल्लीतल्या सात मुली आता एकत्र निघतात, शेवटचे घर येईपर्यंत सुटत नाहीत. खांबांची यादी अर्जासोबत दिली आहे. तीन दिवे लागले, बाकीच्यांसाठी खेटे चालू आहेत. दाखला मागायला आलेल्या दोन वडिलांपैकी एकाने अर्ज परत घेतला. दुसरे म्हणाले, डिसेंबरमध्ये एकदा स्वतः त्या वेळी चालून बघतो, मग सांगतो.