ओले गोणपाट

आपल्या शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात लेझीम व लाठीकाठी झाल्यावर बनाटीचा खेळ होत असे. लाठीच्या दोन्ही टोकांना पेटते पलिते आणि अंधारात फिरणारी अग्निवलये अनेक माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आठवत असतील. मी स्वतः बनाटी कधी फिरवली नाही. सलग तीन वर्षे रिंगणाच्या कडेला ओले गोणपाट घेऊन उभे राहण्याचे काम माझ्याकडे होते.

त्याची तयारी दुपारपासूनच सुरू होई. पलित्याला जुने सुती कापडच लागे. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. कापड घट्ट गुंडाळून तारेने आवळायचे, रॉकेलमध्ये बुडवायचे आणि पूर्ण निथळू द्यायचे, नाहीतर फिरवताना पेटते थेंब उडतात. पेट्रोलला सक्त मनाई होती, कारण त्याची वाफ थंड हवेतही ठिणगीसरशी भडकते. रॉकेलचा डबा झाकण लावून दूर ठेवला जाई. तोंडात रॉकेल घेऊन ज्वाळा फुंकण्याचा हट्ट काही मुले धरीत. तो घोट फुप्फुसात गेला तर जिवावर बेततो, म्हणून त्यालाही परवानगी नव्हती.

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात संमेलन आणि ऊसतोड एकाच हंगामात येतात. कुंपणापलीकडे वाळलेले पाचट पसरलेले असे. त्यामुळे वाऱ्याचा अंदाज घेतल्याशिवाय पलिता पेटत नसे. एका वर्षी वारा सुटला आणि दूरवरून आलेल्या पालकांसमोर खेळ रद्द झाला. मुले हिरमुसली. गुरुजींनी शांतपणे पलिते सोडून ठेवायला सांगितले. त्या गर्दीत फडावरची कोयता-मोळी एका दिवसापुरती सोडून आलेले आईवडील होते. सोपवलेले लेकरू धडधाकट दिसावे, याहून त्यांची वेगळी अपेक्षा नव्हती.

खेळ संपताच पलिता गोणपाटात गुंडाळून विझवायचा, झटकायचा नाही. रात्रभर तो उघड्यावर निवू द्यायचा. दुसऱ्या दिवशी सैल तार, करपलेले कापड, लाठीला गेलेली चीर तपासायची. भाजलेच तर वीस मिनिटे वाहते थंड पाणी. टूथपेस्ट किंवा हळद नाही.

तथागतांनी गयासीसावर आदित्तपरियाय सुत्त उपदेशिले, ते पूर्वी अग्निपूजक असलेल्या जटिलांना. राग, द्वेष आणि मोह यांनी सारे पेटले आहे, हा त्याचा आशय आम्ही वर्गात शिकलो. धम्मपदातील अप्पमादवग्गही शिकलो. मात्र अप्पमाद म्हणजे काय, हे मला गोणपाट कोरडे पडू न देता कळले. टाळ्या वाजत असताना माझी नजर ज्वाळेवर नव्हे, तर खेळाडूच्या बाहीवर असे.

आज बनाटी बसवणाऱ्या शिक्षकांना एकच विनंती आहे. खेळाडू निवडण्याआधी गोणपाट धरणारा निवडावा, आणि खेळ थांबवण्याचा अधिकार त्याला द्यावा.

जय भीम.